वातपान आणि वस्ती

विनयपिटकातील चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. विहारांना खिडक्या नव्हत्या, त्यामुळे ते डोळ्यांना अपायकारक व दुर्गंधियुक्त होत, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा भगवंतांनी वेदिका, जाळी व सळ्या अशा तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुज्ञा दिली. खिडकीला पालीत 'वातपान' म्हणतात. हवा आणि उजेड हा निवासाचा अलंकार नसून पाया आहे, हे यातून ध्यानी येते.

या कसोटीवर देवनार परिसरातील पुनर्वसन वसाहती पाहाव्यात. विकासप्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांना नटवर पारेख व लल्लुभाई कंपाउंड येथे २२५ चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. परंतु अनेक इमारतींमधील अंतर अवघे ३ मीटर! खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासाने या रचनेचा क्षयरोगाशी संबंध दाखविला. तुलनेसाठी घेतलेल्या, अधिक मोकळ्या पीएमजीपी वसाहतीत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

पुढे नटवर पारेखमध्ये 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी'ने रहिवाशांसह सामायिक जागा सुधारल्या, वाचनालय उभारले. २०२३ मध्ये तेथे गोवंडी कला महोत्सव भरला. हे कार्य स्तुत्य आहे. तथापि अंगण सुधारता येते, दोन भिंतींमधील अंतर मात्र वाढविता येत नाही. म्हणून नकाशा आखतानाच रहिवाशांचे मत घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते. आपल्या वस्तीत विहार किंवा समाजमंदिर बांधताना कळसापूर्वी वातपानाचा विचार व्हावा.