चिखलदरा, लाल परीने

इटलीतल्या ओर्व्हिएतोचं स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर चढणारा डबा, थेट गावात नेतो. नागपूरकरांच्या चिखलदऱ्याला अशी सोय नाही. पण गाडी नसली तरी जाता येतं.

मुंबईच्या दिशेची रेल्वे पकडून बडनेऱ्याला उतरायचं, अमरावतीच्या एसटी स्टँडवर यायचं आणि परतवाड्याची बस धरायची. खरा प्रवास परतवाड्याच्या पुढे सुरू होतो. ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतो, इंजिन कण्हू लागतं, खिडकीला सागाच्या फांद्या घासतात आणि वरच्या वळणांवर हवा एकदम गार लागते. परतवाड्याला लागूनच अचलपूर. तिथवर मूर्तिजापूरहून 'शकुंतला' ही नॅरोगेज यायची. ती बंद पडली, याची हळहळ अजून वाटते.

वर, सुमारे 1,100 मीटरवर, विदर्भात दुर्मीळ असलेली कॉफीची झाडं दिसतात. कीचकाला भीमाने इथल्याच दरीत टाकलं, अशी आख्यायिका आहे. गाविलगड मात्र इतिहासातला: 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या ब्रिटिश फौजेने तो मराठ्यांकडून घेतला. गावातून तिथे पायी जाता येतं. पॉइंट मात्र लांबलांब पसरलेत, त्यामुळे एका दिवसात सगळे बघण्याचा हट्ट नको. मुक्कामच करावा.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा, आणि उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंडक्टरलाच विचारा.