मामीच्या मापाचा ओटा

कुणाचं नवीन घर बघायला गेलं की एक ठरलेली फेरी असते. आधी हॉलमधलं फॉल्स सीलिंग, मग टीव्हीमागचं पॅनेल, मग किचनच्या ट्रॉल्या. प्रत्येक ट्रॉली उघडून दाखवली जाते, ती हळूच आपोआप बंद होते आणि आपण 'वा!' म्हणतो. मग वॉर्डरोब, मग टेरेस, मग सरबत. वास्तुशांतीच्या दिवशी ही फेरी वीस-पंचवीस वेळा तरी होत असेल.

पण तेच घर दोन-चार वर्षं वापरून झाल्यावर काय आवडतं? या पानासाठी गेले काही आठवडे मी नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना हा एकच प्रश्न विचारत फिरतेय. सगळे स्वतः घर बांधलेले किंवा जुनं घर दुरुस्त करून घेतलेले. तुमच्या घरातली तुमची सगळ्यात लाडकी गोष्ट कुठली? फॉल्स सीलिंगचं नाव एकानेही घेतलं नाही. (ज्यांनी त्यावर भरपूर पैसे घातलेत, त्यांना आता तिथली जळमटं कशी काढायची याची चिंता आहे.)

उत्तरं भलतीच साधी आली. कुणी म्हणालं, झोपल्या झोपल्या हात पोचेल असं लाइटचं बटण. कुणी म्हणालं, आमच्या बाथरूमचा उतार. पाणी बरोबर जाळीकडे जातं, कोपऱ्यात साचत नाही. आणि कऱ्हाडजवळच्या गावात राहणारी माझी मामी एका सेकंदात म्हणाली, "ओटा!"

मामीच्या ओट्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मामाचं घर जुनं, दगडमातीचं. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं. चूल जमिनीवर होती तोवर सगळा स्वयंपाक बसून व्हायचा. पुढे गॅस आला, मागच्या खोलीत ओटा घातला गेला, तो गवंड्याच्या सवयीप्रमाणे ३४ इंचांचा. मामीची उंची ४ फूट ११ इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. आत काय शिजतंय ते बघायला तिला टाचा उंच कराव्या लागायच्या. म्हणून ओट्यापुढे कायम एक पाट असायचा. मामी त्या पाटावर उभी राहून भाकरी थापायची. आम्हा भाचरांना लहानपणी वाटायचं, स्वयंपाक पाटावर उभं राहूनच करायचा असतो.

चार वर्षांपूर्वी घर दुरुस्तीला काढलं. दोन फूट जाडीची पुढची भिंत तशीच ठेवली, मागचा भाग पाडून नवा बांधला. फरशी कुठली, रंग कुठला, गेट कसं, यावर मामा, त्याचे दोन मित्र आणि कॉन्ट्रॅक्टर रोज संध्याकाळी सोप्यात बसून चर्चा करायचे. मामी चहा आणून द्यायची. ओट्याचे कडप्प्याचे पाय उभे करायची वेळ आली तेव्हा ती गवंड्याला म्हणाली, तीन इंच खाली घ्या.

"वहिनी, माप सगळीकडं हेच असतंय," गवंडी म्हणाला.

"सगळीकडं मी नसते," मामी म्हणाली.

मामाची शंका सिलिंडरची होती, तो खाली बसेल का? मग सिलिंडर आणून, रेग्युलेटर लावून, टेप धरून बघितलं. बसला. ओटा ३१ इंचांचा झाला. खर्च एका पैशानेही वाढला नाही, उलट कडप्पा थोडा कमीच लागला. पाट आता देवापुढे आहे.

मामीने हे माप अंदाजाने सांगितलं होतं, पण ते बरोबर निघालं. ओट्याची उंची ठरवायचा एक सोपा हिशोब आहे. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. मामीचं कोपर ३७ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३१ ते ३३. कणीक मळताना, भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे ते जास्त करणाऱ्याला खालचं माप बरं. ओटा उंच झाला तर दिवसभर खांदे वर चढलेले राहतात आणि फोडणीचं तेल तोंडाजवळ उडतं. बुटका झाला तर कंबर जाते. सिंकचं मात्र उलटं आहे. तिथे हात भांड्याच्या तळाशी, म्हणजे ओट्याच्याही खाली जातात, म्हणून सिंक थोडं वर घेतलेलं चालतं. हे सगळं बांधकामाच्या वेळी एका टेपने होतं. ग्रॅनाइट बसल्यावर काहीच होत नाही.

मग हे 'सगळीकडचं माप' येतं कुठून? आपल्या गवंड्याला ते त्याच्या उस्तादाकडून मिळालं, हे खरं. पण मोठमोठ्या लोकांची मापंसुद्धा किती सहज ठरलीत, हे वाचून मला तर गंमतच वाटली. चंदीगड शहराची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याने इमारतींसाठी 'मॉड्युलर' नावाची मापनपद्धत तयार केली. तिच्या मध्यभागी एक उभा पुरुष आहे. त्याची उंची आधी १.७५ मीटर धरली होती, नंतर ती १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट केली. कारण काय दिलं गेलं? इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलिस, नेहमी सहा फुटी असतात! या हिशोबात ४ फूट ११ इंचांची मामी कुठे बसणार?

स्वयंपाकघराचा विचार मनापासून केलेली माणसंही होती. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं किचन आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन डोळ्यांपुढे ठेवून, कोणत्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याची मोजदाद करून. अशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूलही त्यात होतं. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही पणजी. आणि गंमत म्हणजे, हे आखण्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं तिनेच पुढे सांगितलं. टेप आणि घड्याळ हातात होतं, एवढं पुरलं असावं.

आता आपल्या वयाच्या लोकांकडे येऊ. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं घर वन बीएचके, माणसं पाच. मागच्या वर्षी घर रिनोव्हेट करायचं ठरलं तेव्हा तिच्या बाबांच्या यादीत नवीन सोफा होता. तिच्या यादीत एकच गोष्ट होती, बसायला जागा. सीएची फायनल ती तेव्हा बेडवर मांडी घालून, पाठीला उशी लावून करत होती. सोफा रद्द झाला. हॉलच्या खिडकीखाली भिंतीला धरून दीड फूट रुंद फळी बसवली, २९ इंच उंचीवर, शेजारी एक प्लग पॉइंट आणि वरून एक पडदा. एवढंच. तुझी लाडकी गोष्ट म्हणजे हे टेबल ना, असं मी विचारलं, तर म्हणाली, "टेबल नाही गं, पडदा." पडदा ओढलेला असला की कुणीही हाक मारायची नाही, असा घरात नियम झालाय. बाबासुद्धा पाळतात. इन्स्टावर 'स्टडी कॉर्नर मेकओव्हर'चे शेकडो रील आहेत, फेअरी लाइट्स, पोस्टर, मनी प्लांट. त्यातल्या एकातही हा नियम मला दिसला नाही. (त्यांच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे, त्यात त्यांनी एक उघडणारं छोटं दार ठेवलंय, कुलपाची किल्ली शेजारीच खिळ्याला. आग लागली तर बाहेर कसं पडणार, हा प्रश्न ग्रिल लावताना आपल्याकडे फार कमी लोक विचारतात. तुमच्या घरी आहे का असं दार? आजच बघा.)

नाशिकच्या एका आजींची लाडकी गोष्ट सांगितली तर हसाल. बाथरूममधला दांडा. कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला, स्टीलचा. नातवाने हट्टाने बसवला, तेव्हा आजींनी दोन दिवस अबोला धरला होता. दवाखान्यासारखं दिसतं, मी काय आजारी आहे का, वगैरे. शिवाय त्याच वेळी बाथरूमचा उंबरठा काढून तिथे हलका उतार केला, त्यावरूनही कुरकुर. आता त्या दांड्याला धरून उठतात आणि त्यावर टॉवेलही वाळत घालतात. नातवाने सांगितलेली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. दांडा टाइल्स बसवण्याआधी ठरवायचा. माणसाचं वजन त्याच्यावर येणार, तेव्हा स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नको, मागच्या भक्कम भिंतीत खोल जायला हवा.

जिन्यांबद्दल बोलायचं तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरातली पायरी १९० मिलीमीटरपेक्षा उंच नको आणि पाय ठेवायची जागा २५० मिलीमीटरपेक्षा कमी नको. प्रत्यक्षात शेवटची पायरी 'उरेल तेवढी' केली जाते. दहा पायऱ्या सारख्या आणि अकरावी वेगळी, की पाय तिथेच अडखळतो.

या सगळ्या गप्पांमधून मला एक गोष्ट खटकली, ती लिहितेच. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे हल्ली कागदावर आईचं, बायकोचं नाव हमखास लागतं. चांगलंच आहे. पण साइटवर उभं राहून मापं ठरतात तेव्हा ती तिथे असते का? मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या बहुतेक बायकांना टाइल्सचा रंग विचारला गेला होता. ओट्याची उंची, कपडे वाळत घालायची दोरी, वॉशिंग मशीनचा नळ, हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि मुलांना तर काहीच नाही. वीस वर्षं हप्ते भरायचे, त्या घरात सगळ्यात जास्त तास जो घालवणार, त्याला विचारायला पाच मिनिटं लागतात. घरी काम निघालं असेल तर टेप घेऊन आईला, आजीला कोपर वाकवायला सांगा. त्या हसतील, पण उभ्या राहतील.

मामीच्या किचनमध्ये एक चूक राहिलीच आहे. ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर आहे, त्यामुळे ओट्यावर कांदा चिरताना तिचीच सावली विळीवर पडते. दिवाळीच्या आत समोरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा लावून द्यायचं मामाने कबूल केलंय. मामा मात्र ओट्यावर नाराज आहे. तो पावणेसहा फूट, सकाळचा पहिला चहा तोच करतो आणि एवढ्या बुटक्या ओट्यावर वाकून कंबर दुखते म्हणतो.

"एका चहापुरतं वाका की हो," मामी त्याला म्हणते.