कर्करोगानंतरचे जीवन : 'बरा झाला' या शब्दापलीकडे

प्रास्ताविक :
कर्करोग कशाने होतो आणि त्यावर कोणते उपचार आहेत, याविषयी बरेच लिहिले जाते. उपचार पूर्ण करून घरी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. प्रस्तुत लेखात याच बाजूचा विचार केला आहे.

धार जिल्ह्यातील मनावरच्या रुग्णाला तपासणीसाठी इंदूर गाठावे लागते आणि पुष्कळदा तेथून मुंबई. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तेथे देशभरातून रुग्ण येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांच्या व नातेवाइकांच्या राहण्याची सोय होते. काही महिन्यांनी रुग्ण गावी परततो. 'बरा झाला, अल्लाहची मेहरबानी' असे म्हणून आपण निश्चिंत होतो. त्याच्या दृष्टीने मात्र एक नवा कालखंड तेव्हा सुरू होतो.

शब्दांची उणीव :
ग्रीक 'कार्किनोस', आपला 'कर्क' आणि अरबीतून उर्दूत आलेला 'सरतान' या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ खेकडा असा आहे. रोगाला नाव आहे. त्यानंतर जगणाऱ्या माणसाला मात्र नेमके नाव नाही. मराठीत आपण 'कर्करोगमुक्त' म्हणतो, उर्दूत 'शिफायाब'. दोन्ही शब्द चांगले आहेत, परंतु सारे काही संपले, असे दोन्हींत गृहीत धरलेले आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. फिट्झह्यू मुलन यांना स्वतःला कर्करोग झाला होता. १९८५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील लेखात त्यांनी दाखवून दिले की, 'बरा झाला' आणि 'बरा झाला नाही' एवढीच विभागणी रुग्णाच्या अनुभवाशी जुळत नाही. त्यांनी या अनुभवाचे तीन ऋतू सांगितले.

तीन ऋतू :
१) पहिला ऋतू निदानापासून उपचार संपेपर्यंतचा. यात भीती, वेदना, खर्च आणि धावपळ असते, पण माणसेही भोवती असतात. रमजानात रोजे सुटल्याचे ओझे काही रुग्णांना फार जाणवते. आजारी व्यक्तीला शरीअतने सवलत दिली आहे, हे घरातील जाणत्याने शांतपणे समजावले तर ते ओझे हलके होते.

२) दुसरा ऋतू उपचार थांबल्यानंतरचा. डॉक्टरांच्या भेटी कमी होतात. पण शरीर पूर्ववत झालेले नसते. काखेतील गाठी काढलेल्या स्त्रीचा हात सुजू शकतो. तोंडावर किंवा गळ्यावर किरणोपचार झाल्यास लाळ कमी होते, अन्न गिळणे व सलग बोलणे कठीण जाते. विश्रांतीनेही न जाणारा थकवा कित्येक महिने राहतो. नावे, शब्द चटकन आठवत नाहीत. फेरतपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. साधी डोकेदुखीसुद्धा शंका निर्माण करते.

३) तिसरा ऋतू रोग उलटण्याचा धोका बराच कमी झाल्यानंतरचा. तरीही काही औषधांचे परिणाम हृदयावर, किरणोपचारांचे थायरॉइडवर किंवा अपत्यप्राप्तीच्या क्षमतेवर वर्षानुवर्षांनी दिसू शकतात. म्हणूनच टाटा रुग्णालयात बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी १९९१ साली उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. अशाच तरुणांचा 'उगम' हा आधारगट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ पासून काम करतो.

एक अनुभव :
माझ्या परिचयाच्या एका शिक्षिका स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर कामावर रुजू झाल्या. पहिल्या आठवड्यात सर्वांनी विचारपूस केली. पुढे त्यांनी वरच्या मजल्यावरचा वर्ग बदलून मागितला, तेव्हा 'आपा, आता तर तुम्ही बऱ्या झालात ना?' असे त्यांना ऐकावे लागले. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत त्यांचा हात जात नसे, हे कोणी पाहिलेच नव्हते. आजारपणापेक्षा बरे झाल्यानंतरचे वर्ष अधिक एकाकी गेले, असे त्या सांगत.

अध्यापकांची भूमिका :
मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रमुख प्रकारावर दोन ते तीन वर्षे उपचार चालतात. असा विद्यार्थी वर्गात परततो तेव्हा त्याचे सोबती पुढे गेलेले असतात. त्याला दया नको असते. हजेरीत सवलत, राहिलेल्या अभ्यासाची सोय आणि परीक्षेत थोडा अधिक वेळ हवा असतो. मेंदूवर किरणोपचार झाले असतील तर लक्ष लागण्यास अडचण येऊ शकते. त्याला आळस समजू नये.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. या गैरसमजामुळे ताट-पेला वेगळा ठेवला जातो आणि मुलींचे आजार लग्नाच्या चिंतेने लपवले जातात. लपवण्यामुळे फेरतपासणी चुकते, हे त्यातील मोठे नुकसान आहे. उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी दहा वर्षे केंद्रीय कृषिमंत्रिपद सांभाळले आणि आपल्या आजाराविषयी ते जाहीरपणे बोलत आले.

समारोप :
'शिफायाब' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. फक्त तो उच्चारून आपण विचारपूस थांबवू नये. 'आता बरे ना?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर मिळते. 'सध्या कशाची अडचण होते?' असे विचारले तर माणूस बोलू लागतो. आपल्या महाविद्यालयात एवढा बदल करण्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही.