मन आजारी अन् उद्या पेशी

वावराच्या वाटणीचा दावा आहे, वकील नाही, अन् नेमकं मनानं अंथरूण धरलं. झोप नाही, काही सुचत नाही. लोक येडी म्हणतील म्हणून बाई कोणाला सांगत नाही, पेशीलाही जात नाही. मग निकाल एकतर्फी लागू शकतो.

दाखला दाखवला म्हणून वावरावरचा हक्क जात नाही. डॉक्टरचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या, पुढची तारीख मागा. पण सुनावणीत एका पक्षाला तीनदाच तारीख वाढवून देण्याची मर्यादा कायद्यात आहे.

दुखणं लांबलं, स्वतःचं हित सांभाळता येईना, तर तेही कोर्टाला कळवा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ३२, नियम १५ प्रमाणे कोर्ट चौकशी करतं. दावा तिच्यावर असेल, तर तिच्यासाठी पालक नेमूनच तो पुढे चालवायचा असतो. त्याच वावरावर हक्क सांगणारा दीर पालक होऊ शकत नाही.

बाईला सरकारी मदतीतून वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही. अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आहे.

गटातली एखादी बाई दोन बैठकींना आली नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या. पेशी कधी आहे, तेही विचारा.