पहिल्या रांगेतील दोन खुर्च्या

न्यूयॉर्क शहरात त्रेचाळिसाव्या रस्त्यावर 'टाउन हॉल' नावाचे एक सभागृह आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या मंडळींच्या पुढाकाराने ते बांधले गेले आणि १९२१ साली लोकांसाठी खुले झाले. धनिकांसाठी वेगळे सज्जे नसावेत, कोणाच्या दृष्टीआड खांब येऊ नये, आणि सुमारे दीड हजार आसनांपैकी कोठेही बसलेल्या माणसाला व्यासपीठ सारखेच दिसावे, असा बांधणाऱ्यांचा कटाक्ष होता. त्या सभागृहात १२ सप्टेंबर १९५९ रोजी सव्वीस वर्षांची एक कृष्णवर्णीय गायिका पियानोपुढे बसली. तिचे नाव नीना सिमोन. त्या कार्यक्रमाची तबकडी 'कोलपिक्स' कंपनीने त्याच वर्षी बाजारात आणली. गेल्या पावसाळ्यात ही तबकडी आणि तिच्यामागोमाग आलेल्या नीनाच्या आणखी चार मैफलींच्या तबकड्या मी रात्री एकट्याने, क्रमवार आणि पुनःपुन्हा ऐकल्या. आणि ऐकता ऐकता माझे लक्ष गाणारीइतकेच समोर बसलेल्या लोकांकडे जाऊ लागले.

त्याला कारण आहे. नीनाचा पहिला संस्मरणीय जाहीर कार्यक्रम टाउन हॉलमध्ये झाला नव्हता, तो झाला होता उत्तर कॅरोलायना राज्यातील ट्रायॉन या लहानशा डोंगरी गावाच्या ग्रंथालयात. तेव्हा तिचे नाव युनीस वेमन. जन्म २१ फेब्रुवारी १९३३ चा. आठ भावंडांत सहावी. आई मेथॉडिस्ट पंथाची धर्मोपदेशिका. मुलीचे असामान्य कसब पाहून गावातील म्युरिएल मॅझानोव्हिच या गोऱ्या शिक्षिकेने तिला बाखच्या संगीताची दीक्षा दिली, आणि पुढील शिक्षणासाठी गावाने तिच्या नावाने निधी उभारला. त्या निधीला हातभार लावणाऱ्यांपुढे अकरा-बारा वर्षांच्या युनीसचे वादन ठेवले होते. आईबाप कौतुकाने पहिल्या रांगेत येऊन बसले, तोच एका गोऱ्या जोडप्याला जागा हवी म्हणून त्यांना उठवून मागे नेण्यात आले. मुलगी उभी राहिली आणि तिने सांगितले की, माझे आईवडील समोर बसणार नसतील तर मी वाजवणार नाही. त्यांना परत पुढे आणले गेले. जमलेल्यांपैकी काही जण त्या वेळी हसले, ही नोंद नीनाने पुढे आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे, आणि हे हसू ती जन्मभर विसरली नाही.

तिला व्हायचे होते पाश्चात्त्य अभिजात संगीताची वादक. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात काही काळ अध्ययन करून १९५१ साली तिने फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला नकार मिळाला. वर्ण आडवा आला, अशी तिची अखेरपर्यंत धारणा होती. परीक्षकांपैकी ज्या सोकोलॉफ यांच्याकडे ती नंतर खासगी रीतीने शिकली, त्यांनी मात्र निर्णयाचा वर्णाशी संबंध नसल्याचे सांगितले. दप्तरातून या वादाचा निकाल लागेल असे मला वाटत नाही. पण त्या नकाराचे पडसाद या तबकड्यांतून ज्याला ऐकू येत नाहीत, त्याने त्या पुरत्या ऐकल्या नाहीत असे माझे मत आहे.

पोटासाठी १९५४ च्या उन्हाळ्यात ती अटलांटिक सिटीतील एका मद्यालयात आठवड्याला नव्वद डॉलरांच्या मोबदल्यावर पियानो वाजवू लागली. मालकाने दुसऱ्याच दिवशी बजावले की, नोकरी टिकवायची तर गावेही लागेल. आणि अशा रीतीने, केवळ अटीखातर, ही वादक गायिका झाली. धर्मनिष्ठ आईच्या कानावर जाऊ नये म्हणून तिने तेथेच 'नीना सिमोन' हे नाव घेतले. मद्यालयातही ती दूध पीत बसे, आणि श्रोते बोलू लागले की हात थांबवून शांतता होईपर्यंत स्वस्थ राही. मद्यालयाच्या गोंगाटाकडून तिने मैफलीची अदब मागितली, आणि आश्चर्य असे की ती तिला मिळाली.

टाउन हॉलच्या तबकडीतली शांतता अशी कमावलेली आहे. पहिलेच गाणे अॅपलेशियन डोंगराळ मुलखातले, 'ब्लॅक इज द कलर ऑफ माय ट्रू लव्ह्ज हेअर', म्हणजे जवळजवळ तिच्या माहेरच्या मातीतले लोकगीत. पियानोचे स्वरसमूह खालच्या सप्तकातून संथपणे उलगडतात, आणि त्यांचा नाद विरेपर्यंत गळा पुढची ओळ उचलीत नाही. जिमी बाँडचा बास आणि अल्बर्ट हीथचा ड्रम हे दोघेही साथीदार तालेवार, पण अशा जागी त्यांचे मौनच अधिक बोलते. नीनाचा आवाज रूढार्थाने गोड नव्हे. तो खर्जाकडे झुकलेला, किंचित कोरडा आहे, आणि त्याला एक द्रुत कंप आहे. स्वर लावल्यावर ती तो लगेच सजवीत नाही, आधी त्याला उभा राहू देते; बैठकीत वाढलेल्या आपल्या कानाला हे चटकन ओळखीचे वाटते. 'समरटाइम' हे गर्श्विनचे गीत तर तिने त्या रात्री आधी केवळ पियानोवर मांडले आणि मग गळ्यातून. जणू शब्द येण्यापूर्वी हातांना त्यांचे म्हणणे पुरते मांडू द्यावे.

पुढचे वर्ष न्यूपोर्टचे. समुद्रकाठच्या त्या गावातील खुल्या मैदानावरील जॅझ महोत्सवात ती ३० जून १९६० रोजी गायली. (दोनच दिवसांनी, आत शिरायला न मिळालेल्या जमावाने गावात दंगल माजवली आणि तो महोत्सव अर्धवट थांबवावा लागला.) या तबकडीतील एक प्रवेश मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. कोल पोर्टरचे 'यू'ड बी सो नाइस टु कम होम टु' हे सरळसाधे प्रेमगीत. पण गाणे सुरूच होत नाही. उजवा हात एक स्वरवाक्य उच्चारतो. ते संपण्याच्या आत डावा हात तेच वाक्य निराळ्या उंचीवरून उचलतो. मग त्यांच्यामधून अल शॅकमनची गिटार वाट काढते आणि तिन्ही धारा एकाच वेळी वाहू लागतात. जुगलबंदीत एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. येथे सारे एकदम बोलतात, तरी कोणाचे बोलणे कोणाखाली दडपले जात नाही. हे बाखचे व्याकरण आहे. कर्टिसच्या परीक्षकांपुढे जे अमान्य ठरले, ते येथे मोकळ्या आभाळाखाली जॅझसाठी जमलेल्या समुदायापुढे बिनदिक्कत मांडले जाते, आणि शेवटी गळा सुरू होतो तेव्हा तो चौथी धारा होऊन त्यातच मिसळतो. शॅकमनशी तिची गाठ १९५७ साली पेन्सिल्व्हेनियातील न्यू होप गावी पडली. पहिल्या भेटीत तिने कोणते गीत, कोणती पट्टी, काही न सांगता वाजवायला आरंभ केला आणि तो अचूक तिच्या स्वरांत जाऊन मिळाला, ही हकीकत दोघांनीही सांगितली आहे. न्यूपोर्टचा तो प्रवेश ऐकल्यावर तिच्या सत्यतेविषयी शंका उरत नाही.

'व्हिलेज गेट' या तळघरातील क्लबमध्ये १९६१ साली मुद्रित झालेल्या तबकडीविषयी थोडक्यात लिहितो. तिच्यात 'हाउस ऑफ द रायझिंग सन' आहे, इंग्लंडमधील 'अॅनिमल्स' या वाद्यवृंदाने ते जगभर गाजवण्याच्या तीन वर्षे आधीचे. आणि 'बाय बाय ब्लॅकबर्ड' आहे, ज्यात ती मुळी गातच नाही, केवळ वाजवते.

कार्नेगी हॉलमध्ये तिचा स्वतःच्या नावाचा पहिला कार्यक्रम झाला तो १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी. अभिजात वादकांचे हे तीर्थस्थान; तेथे वाजवण्याचे स्वप्न तिच्या शिक्षिकेने आणि आईने तिच्यासाठी पाहिले होते. ती तेथे पोहोचली खरी, पण बाख वाजवायला नव्हे, ही खंत तिने आईवडिलांना कळवली होती. तबकडीचा आरंभ तिने मेनोत्ती या ऑपेराकाराच्या रचनेने केला आहे. मला तर तो उंबरठ्यावर केलेला नमस्कारच वाटतो. त्याच दिवशी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. नाटककार लॉरेन हान्सबेरी ही नीनाची जिवलग मैत्रीण. तिचा फोन आला तो अभिनंदनाचा नव्हता. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीसाठी तू काय करते आहेस, असे तिने विचारले.

उत्तराला पाच महिने लागले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील स्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्याआधी जूनमध्ये चळवळीतील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा खून झालाच होता. नीना प्रथम घरात हाताला लागेल त्यातून बंदूक बनवू पाहत होती; तुला मारण्यातले काय कळते, तुझ्याजवळ संगीत आहे, असे पतीने म्हटल्यावर ती पियानोपाशी बसली आणि तासाभरात 'मिसिसिपी गॉडॅम' तयार झाले. मार्च-एप्रिल १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमधील तीन कार्यक्रमांतून मुद्रित झालेल्या 'इन कॉन्सर्ट' या तबकडीचा शेवट या गाण्याने होतो. (तिच्यातच 'पायरेट जेनी' आहे, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ज्या संगीतिकेवरून पुढे पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला तिच्यातले. खानावळीतील मोलकरणीच्या त्या सूडगीताला नीनाने अमेरिकेच्या दक्षिणेतील गावात आणून बसवले, आणि त्याचा अर्थ अंगावर शहारे आणील इतका बदलला.) दक्षिण कॅरोलायनातील एका विक्रेत्याने 'मिसिसिपी गॉडॅम'च्या तबकड्यांची पेटी प्रत्येक तबकडीचे दोन तुकडे करून परत पाठवली होती.

हे गाणे नीट ऐकावे. चाल उडती, नाट्यगृहात टाळ्या घेणाऱ्या पदांसारखी. ती गाण्याचे नाव सांगते, प्रत्येक शब्द मनापासून आहे असे बजावते, आणि लोक हसतात. थोड्या वेळाने ती म्हणते की हे एका नाटकातले पद आहे, फक्त ते नाटक अजून लिहिले गेलेले नाही. पुन्हा हशा पिकतो. पियानोचा ठेका मात्र कोठे ढळत नाही, साथीदार मागून घोष करीत राहतात, आणि गळ्यातील कोरडेपणा कडव्यागणिक वाढत जातो. मग, तुम्हाला ही थट्टाच वाटली ना, असे ती विचारते. मी त्या जागी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, तीनदा, चारदा, कान अगदी जवळ नेऊन. खुर्ची करकरलेली ऐकू येत नाही, खोकला ऐकू येत नाही. मघाशी हसत होते ते शेकडो लोक तेथेच बसलेले आहेत, आणि आता कोणी हसत नाही.