चार तासांचा अंमल

बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर धावल्याने परोपकार कसा घडतो, हे कोडे माझ्यासारख्या, डोळ्यांदेखत बस सुटत असतानाही न धावणाऱ्या मनुष्याला आजवर उलगडले नव्हते. ज्याला द्यावयाचे आहे त्याने मुकाट्याने द्यावे, त्याकरिता तिसऱ्याने घाम का गाळावा, असे माझे साधे मत होते. परंतु मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून, वर्गणीची वही काखेत मारून भाचा दारात उभा राहिला आणि “मामा, पैसे शांती अवेदना सदनाला द्यायचेत,” म्हणाला, तेव्हा त्या नावाशी मी अडखळलो. रोग बरा करण्याचे नव्हे, तर केवळ वेदना दूर करण्याचे अभिवचन नावातच देणारी संस्था माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

वांद्र्याला मोत माउलीच्या टेकडीवर असलेले हे सदन कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झाले. ज्याला ‘हॉस्पिस’ म्हणतात तशी ही आपल्या देशातील पहिली संस्था. पुढे गोव्यात व दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या. ज्यांच्या व्याधीवर आता इलाज उरलेला नाही, असा निर्वाळा इस्पितळाने देऊन टाकला आहे, अशा कर्करोग्यांना येथे ठेवून घेतात आणि त्यांच्याकडून छदामही घेत नाहीत.

एका दुपारी आम्ही दोघे तेथे गेलो. टेबलाशी बसलेल्या सिस्टर मॉर्फीनच्या गोळ्यांच्या नोंदवहीत आवक, खर्च, शिल्लक असे रकाने निळ्या शाईने भरीत होत्या आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा मोजीत होत्या. मॉर्फीन हा अफूचा अर्क. १९८५च्या कायद्याने त्याच्याभोवती परवान्यांचे असे काही कुंपण घातले की, अनेक इस्पितळांनी ते बाळगण्याचाच नाद सोडला, आणि ते कुंपण थोडे सैल होण्यास २०१४ची दुरुस्ती उजाडावी लागली. एवढ्या अवधीत किती माणसे विव्हळत गेली, याची नोंद ठेवणारा रकाना कोणत्याही दप्तरात नसतो.

“गोळीचा अंमल चार तास,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणून दर चार तासांनी द्यायची. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी.” सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा, रात्री दहाची मात्रा मात्र दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला निजलेल्या जिवाला उठवावे लागत नाही. ही दुपटीची तजवीज ऐकून मी काही विचारणार, आणि त्याही “कालच एक आजोबा...” असे काही सांगू लागल्या होत्या, तोच त्यांची दृष्टी घड्याळाकडे गेली. दोनला दोन मिनिटे कमी होती. त्या उठल्या आणि आत गेल्या. त्या आजोबांचे काय झाले, ते मला अद्याप कळलेले नाही. परंतु ते अर्धे वाक्य मनातून जात नाही.

वर्गणी गोळा करताना मी भाच्याबरोबर चार जिने चढलो. “किती वेळात धावणार?” हा प्रश्न प्रत्येकाने केला, आणि “चार तासांत,” हे उत्तर ऐकून प्रत्येकाने पाठ थोपटली, पैसा कोठे जाणार, हे बहुतेकांनी विचारले नाही. एका सद्‌गृहस्थांना मी आपण होऊन सांगितले, तर “सकाळी सकाळी हे अभद्र कशाला?” म्हणून त्यांनी पाचशेची नोट धावण्याच्या नावाने वहीत ठेवली. मरणाऱ्यासाठी हात पसरला तर दार लोटले जाते आणि धावणाऱ्यासाठी पसरला तर चहाही मिळतो, हे त्या जिन्यांवर मला पटले, आणि माझे पूर्वीचे साधे मत मी निमूटपणे मागे घेतले.

जानेवारीतील त्या रविवारी, परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ जेथे धावणाऱ्यांचा अंत पाहतो, तेथे मी उभा होतो. रस्त्याकडेची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे संत्र्याच्या फोडी नि मिठाच्या चिमट्या घेऊन ओळखदेख नसलेल्यांना पुकारीत होती, आणि या सगळ्यावर वेदनाशामक फवाऱ्याचा तो कापरासारखा, नाकात झोंबणारा वास पसरला होता. भाचा आला तो लंगडत. चार तास केव्हाच उलटले होते. एका मुलीने त्याच्या पोटरीवर फवारा मारला. त्याने डोळे मिटले, क्षणभर कठड्याला धरून उभा राहिला, आणि पुन्हा चालू लागला. धावू लागला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

शर्यत त्याने चार तास बावन्न मिनिटांत पुरी केली. वही आता माझ्याकडे असून तिची अकरा पाने कोरी आहेत. परंतु ज्यांना देण्यासाठी कोणाच्या धावण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यांनी वहीचीही वाट न पाहता मोत माउलीच्या टेकडीवर जाऊन थेट सदनातच पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. दुपारी दोनच्या सुमारास मात्र जाऊ नये.