तर्क आणि दृष्टांत : एका जुन्या शेऱ्याच्या निमित्ताने

तत्त्वज्ञान मी महाविद्यालयात शिकलो नाही. कळवणला राहून, मिळेल ते पुस्तक वाचत, टिपणे काढत मी इथवर आलो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात ‘अमृतानुभवा’वर निबंध वाचला. तो संपल्यावर एक प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले, “तुम्ही रसिक आहात, पण तत्त्वज्ञानाला विश्लेषक बुद्धी लागते.” हा शेरा बरेच दिवस डोक्यात राहिला. त्यात दोन गृहीते आहेत : कल्पक आणि विश्लेषक अशी दोन वेगळी मने असतात, आणि तत्त्वज्ञान त्यांपैकी दुसऱ्याचे. ही दोन्ही गृहीते आपल्याच परंपरेत तपासून पाहावीत, म्हणून हा लेख.

‘अमृतानुभवा’ची दहा प्रकरणे आहेत. त्यांतले सातवे, अज्ञानखंडनाचे, सर्वांत मोठे. पहिल्या प्रकरणात शिवशक्तीचे दांपत्य कवीच्या नजरेने रंगवणारे ज्ञानेश्वर येथे एखाद्या नैयायिकासारखे प्रतिपक्षाला धरतात. त्यांच्या युक्तिवादातला एक धागा माझ्या शब्दांत असा : अज्ञान आहे म्हणता, तर ते राहते कुठे? आत्म्याच्या ठायी म्हणावे, तर दोनच वाटा उरतात. त्याने आत्म्याला ग्रासले असेल, तर सारेच अजाण झाले. मग ‘अज्ञान आहे’ हे जाणणारा उरला कोण? आणि ते असूनही आत्मा जाणताच राहिला असेल, तर ज्याने काहीच झाकले नाही त्याला अज्ञान हे नाव कशासाठी? न्यायशास्त्रात याला उभयतःपाश म्हणतात. कुठूनही निसटू पाहा, फास बसतोच.

दुसऱ्या वाटेपाशी दृष्टांत येतो. डोळ्यात पडळ आहे, पण दिसण्यात काही उणे नाही, तर त्याला पडळ म्हणणे व्यर्थ. येथे दृष्टांत शोभेसाठी आलेला नाही. वस्तूचे नाव तिच्या कार्यावरून ठरते, हे तत्त्व तो एका क्षणात ध्यानात आणून देतो. पण जागरूक वाचक विचारेल : पडळ अर्धवटही असते, अंधुक दिसते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. डोळ्याला भाग आहेत, म्हणून तो अर्धा झाकला जातो. अद्वैती आत्म्याला भाग मानत नाही, म्हणून त्याचे अर्धे झाकणे संभवत नाही. म्हणजे दृष्टांत सुचायला कल्पकता लागते, आणि तो कुठवर चालतो व कुठे थांबतो हे ठरवायला विश्लेषण. सातव्या प्रकरणात ही दोन्ही कामे एकाच मनाने केली आहेत.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे. कळवण तालुक्यातून वाहणारी गिरणा पुढे खानदेशात उतरते. त्या खानदेशातल्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. तेथील मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा ‘अज्ञान’ याच विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्रश्नाशी ज्ञानेश्वर झुंजले, त्याचाच ऊहापोह साडेसहाशे वर्षांनी गिरणीच्या भोंग्याच्या गावात चालला होता.

याच मंदिरात पूर्वी साने गुरुजींनी अभ्यास केला होता. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि १९३३ मध्येच नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यामुळे मंडळी तर्काची आणि गुरुजी भावनेचे, अशी वाटणी सोपी वाटते. पण ‘भारतीय संस्कृती’ची सुरुवात ते अद्वैतापासून करतात, आणि १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसतात. सर्वांभूती एकच आत्मा असेल, तर काहींनाच दार बंद का? याला केवळ कळवळा म्हणता येणार नाही. मान्य केलेल्या विधानातून जे निघते ते काढून दाखवणे हे तर्काचेच काम आहे. अद्वैत तोंडपाठ असलेल्या कित्येक पंडितांनी ते निष्कर्षापर्यंत नेले नाही, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले नाही. कल्पना तोकडी पडली की तर्कही मध्येच थांबतो, तो असा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याकडे चाळीतला कांदा निवडताना सडका कुठे असेल ते आधी वासावरून लक्षात येते. पण केवळ वासावर कोणी ढीग टाकून देत नाही. एकेक कांदा हातात घेऊन दाबून पाहावा लागतो. सुचणे म्हणजे तो वास, आणि सिद्ध करणे म्हणजे हाताने दाबून पाहणे.

हा लेख लिहिताना तो जुना निबंध पुन्हा काढून वाचला. त्यात मी सातव्या प्रकरणातले दृष्टांत एकामागून एक मांडले होते. ते कोणत्या युक्तिवादासाठी आले, हे एकदाही सांगितले नव्हते. प्राध्यापकांचा शेरा माझ्या निबंधाला लागू होता. तो मनांच्या जातींना मात्र लागू होत नाही. जे राहिले होते ते शिकता येण्यासारखे होते, आणि पन्नाशीनंतरही ते शिकता येते, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.